मुराळ्याची गाडी

नाना कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्यावर झोपून बघतात.

खरोखर झोपतात. खांद्यावरच्या टॉवेलची घडी डोक्याखाली, टोपी डोळ्यांवर, आणि पाच मिनिटांत घोरणं सुरू. जळगावच्या एका फर्निचरच्या दुकानात ते सोफ्यावर इतके गाढ झोपले, की मालकाने जेवायला जाताना शटर ओढलं आणि नाना आतच राहिले. मालक परत आला तेव्हा ते उठून बसले होते. म्हणाले, "सोफा बरा हाये. पंखा आवाज करतो." सोफा घेतला, वर त्या माणसाला पंखा बदलायला लावला. नदीकाठचं वावर घेताना ते बांधालगतच्या निंबाखाली दुपारभर आडवे झाले होते. शेजारच्या शेतकऱ्याला वाटलं, कोणाला तरी ऊन लागलं. तो कांदा फोडून नाकाशी धरायला धावत आला. नानांच्या बायकोला, म्हणजे माईंना, लोखंडी कपाट हवं होतं. नानांनी दुकानदाराला ते आडवं करायला सांगितलं. दुकानदार नाही म्हणाला. माईंची लुगडी अजून ट्रंकेत आहेत.

"डोळे फसतात, कान फसतात," नाना म्हणतात. "जीभ तर वाटीभर रसात विकली जाते. पाठ खोटं बोलत नही."

हा नियम त्यांनी जावई शोधतानाही लावला. सुरतच्या स्थळाकडे गेले, मुलाचं शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. जेवण झाल्यावर "थोडं पडतो" म्हणाले आणि दोन तास झोपले. उठून चहा घेतला आणि लग्न ठरवून टाकलं. "ज्या घरात पाहुण्याले दुपारी झोप लागते, त्या घरात भांडण नसते." मुलगी वीस वर्षं तिथे सुखात आहे. त्यामुळे या शास्त्राविरुद्ध बोलायला कोणाजवळ पुरावा नाही.

नाना आमचे फैजपूरचे शेजारी. त्यांची आणि आमची भिंत एक आहे. सत्तरी ओलांडली तरी सकाळी सहाला ते केळीच्या बागेत असतात, आणि कुठल्याही विषयावर बोलताना शेवटी केळीवर येतात. माणसं त्यांच्या हिशेबी तीन प्रकारची: कच्ची, पिकलेली आणि गाडीत दबलेली. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर गप्प बसलेली असते म्हणून नानांना माझी दया येते. मी कुठल्या प्रकारात मोडते ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मला ते नावाने हाक मारत नाहीत. भिंतीपलीकडून आवाज येतो, "ए इंग्लिश मीडियम!" आणि मला जावं लागतं. कधी औषधाच्या बाटलीवरचं वाचायला, कधी मोबाइलवर आलेलं काहीतरी घालवायला.

दोन वर्षांपूर्वी, होळीनंतर, अशीच हाक आली. गेले तर नाना ओट्यावर बसले होते आणि समोर वर्तमानपत्रातली एका गाडीची पानभर जाहिरात. जर्मन कंपनीची, लांबलचक, चकचकीत.

"हिचा फोन नंबर बारीक हाये. वाच."

"नाना, ही गाडी?"

"आखाजीले जिजीले आणायचं हाये."

एवढंच बोलले. पण तेवढ्यावर आमच्या गल्लीत कोणालाही सगळं कळलं असतं.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिचा थाट जास्त. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खाऊन दुपारभर लोळतात. पण लेक आपली आपण उठून येत नाही. माहेराहून कोणीतरी तिला घ्यायला जावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी बहुतेक भाऊच असतो. साठ वर्षांच्या बाईचाही मुराळी येतो, आणि तो येईपर्यंत ती पिशवी भरून दाराकडे बघत असते.

जिजी म्हणजे नानांची थोरली बहीण. धुळ्याला दिलेली. लहानपणी आई गेल्यावर तिनेच नानांना वाढवलं. पूर्वी नाना दरवर्षी स्वतः तिला आणायला जायचे. मग बाग वाढली, आखाजीच्या सुमाराला कापणीची गर्दी व्हायला लागली, वावरात ट्रक उभे राहायला लागले. नाना ड्रायव्हरला पाठवायला लागले. सोपान त्याचं नाव. सोपान जुनी जीप घेऊन धुळ्याला जायचा आणि जिजींना आणायचा. पाच-सहा वर्षं असं चाललं. मग एका आखाजीला सोपान रिकामी जीप घेऊन परत आला. जिजींनी त्याला पोटभर जेवू घातलं होतं, बरोबर सांजोऱ्यांचा डबा दिला होता, आणि निरोप दिला होता:

"तुना नानाले सांग, मुराळी पगारवर ठेवतस नही."

जिजींचं माहेर फैजपूरचं असलं तरी पन्नास वर्षांत त्यांची बोली पक्की धुळ्याची झाली आहे. नाना त्यावरून त्यांना चिडवायचे. त्या निरोपानंतर चिडवणं बंद झालं. फोन व्हायचे. पाऊस कसा आहे, गुडघे कसे आहेत. आखाजी जवळ आली, की दोघंही पावसाबद्दल जास्तच बोलायचे. सहा आखाज्या अशा गेल्या. माईंनी दोन-तीनदा सांगून पाहिलं, "तुम्ही सोता जा, हात जोडा, घेऊन या." नाना म्हणायचे, "कोणत्या तोंडाने? त्या खटाऱ्यात?"

जिजींना राग जीपचा आला, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ताडपत्रीची, उघडी, मागे केळीचे डाग पडलेली जीप. धुळ्यासारख्या शहरात, चार शेजारणींच्या देखत, अशी गाडी दारात उभी राहिली म्हणून बहिणीचा मान गेला. तेव्हा आता मान परत करायचा तर गाडी त्या तोलाची हवी.

फैजपुरात ट्रॅक्टर उधारीवरसुद्धा मिळतो, पण अशा गाडीचं सगळ्यात जवळचं दुकान नाशिकला निघालं. आमच्यापासून सहा तास. फोन मी लावला. पलीकडून एका मुलीचा गोड, घाईतला आवाज. तिने विचारलं, सर गाडी कशासाठी वापरणार आहेत? फॅमिली, बिझनेस, की फिरायला?

मी नानांना विचारलं.

"सांग, बहिणीले आणायले."

मी सांगितलं. ती म्हणाली, "ओके. आणि त्यानंतर?"

"मग पोहचवायले," नाना म्हणाले.

ती म्हणाली, तुम्हाला इतक्या लांब यायची गरज नाही, आम्ही गाडी तुमच्या घरी आणून दाखवतो. नानांनी फोन माझ्या हातातून घेतला. "ताई, केळी पाहाले व्यापारी वावरात येतो. वावर त्याच्या घरी जात नही. आम्ही येतो." आणि फोन मला परत दिला, बंद करायला.

शोरूममध्ये जाण्याची मला आधीपासून धास्ती होती. अनोळखी लोकांशी बोलायचं म्हटलं, की मी वाक्य मनात दोनदा म्हणून घेते. त्यात बरोबर नाना. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, टोपी, खांद्यावर टॉवेल आणि हातात केळीची एक भलीमोठी फणी, कारण रिकाम्या हाताने कोणाच्या दारी जायचं नसतं. काचेच्या दारातून आत गेलो तर थंडगार हवा, मंद वास, आणि फरशीत आपलं तोंड दिसेल अशी चमक. फोनवरची मुलगी पुढे आली. श्रुती तिचं नाव. काळा कोट, केस घट्ट बांधलेले, माझ्याच वयाची. नानांनी तिच्या हातात फणी दिली. ती कुठे ठेवावी हे तिला कळेना, म्हणून बोलताना ती हातातच धरून राहिली.

तिने इंजिनाचं सांगितलं, हवेच्या पिशव्यांचं सांगितलं, दार आपोआप कसं बंद होतं ते दाखवलं. मी मराठीत सांगत होते. नाना मान डोलवत होते. ते काहीच ऐकत नव्हते. ते मागच्या सीटची लांबी बघत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं. मग मागचं दार उघडलं, टॉवेलची घडी केली, आडवे झाले, पाय दाराबाहेर सोडले आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

श्रुती माझ्याकडे बघायला लागली. तिने इंग्रजीत विचारलं, सर बरे आहेत ना?

मी म्हटलं, "ते बघताहेत."

"काय बघताहेत?"

तेवढ्यात घोरण्याचा पहिला आवाज आला. शोरूममध्ये फार शांतता होती, त्यामुळे तो छतापर्यंत गेला. पलीकडच्या गाडीजवळ एक जोडपं उभं होतं. त्यांनी वळून पाहिलं. आतून मॅनेजर आले. त्यांनी गाडीतून बाहेर आलेले दोन पाय पाहिले, श्रुतीच्या हातातली फणी पाहिली आणि ते माझ्याकडे वळले. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. पण गप्प राहिले असते तर त्यांनी नानांना उठवलं असतं.

"दहा मिनिटं थांबा," मी म्हटलं. "त्यांनी मुलीचं लग्न असंच ठरवलं होतं."

हे वाक्य मी मनात एकदाही म्हणून घेतलेलं नव्हतं.

नाना चाळीस मिनिटं झोपले. तेवढ्यात श्रुतीचा कोट उतरला, इंग्रजी गेलं, आम्ही दोघींनी तीन-तीन केळी खाल्ली आणि तिने मला सांगितलं, की या गाडीत ती स्वतः कधीच पाच मिनिटांच्या वर बसलेली नाही. नाना उठले ते एकदम ताजे. टोपी नीट केली आणि म्हणाले, "घेतली."

मग एकच प्रश्न त्यांनी विचारला. बिघडली तर? श्रुती म्हणाली, काळजी नको, सर्व्हिस सेंटर इथेच नाशिकला आहे, गाडी बंद पडली तर आमचा ट्रक तुमच्या दारातून तिला उचलून आणतो.

नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे गाडीचं माहेर नाशिक. आणि तिले न्यायले बी मुराळी येतो!" माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्य, जर्मन लोकायले बी समजते."

अडचण रंगाची निघाली. नानांना केळीच्या कोवळ्या पानाचा हिरवा हवा होता. तसा रंग जर्मनीत होत नव्हता. दुसरा हिरवा होता, पण तो यायला तीन महिने. आखाजीला पाच आठवडे उरले होते. शेवटी जांभळट काळ्या रंगावर तडजोड झाली. "जांभूळ बी झाडावरच येते," नानांनी स्वतःची समजूत घातली. त्यानंतर रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची आणि मी श्रुतीला फोन लावायचे. गाडी निघाली का, कुठे पोहोचली, नंबर आला का. माझा फोन उचलला, की श्रुती "नमस्कार"ऐवजी "आखाजीच्या आत" असं म्हणायला लागली होती.

आखाजीला सहा दिवस असताना गाडी मिळाली. आणायला सोपानला नेलं होतं. त्याने आत डोकावून पाहिलं, गियर नाही, क्लच नाही, आणि हात जोडले. "नाना, हिच्यात डाव्या पायाले कामच नही. मी नही चालवत." पुण्यात मी असली बिनागियरची गाडी चालवायला शिकले होते, हे माईंनी नानांना कधीतरी सांगून ठेवलेलं. तेव्हा सोपान जीप घेऊन पुढे गेला आणि त्या जांभळ्या गाडीच्या स्टिअरिंगवर मी बसले. नाना मागे मधोमध बसले आणि मालेगावपर्यंत दर दहा मिनिटांनी "आवाज येतच नही, चालू हाये ना?" असं विचारत राहिले.

धुळं जवळ आलं. मला वाटलं, आता थांबायला सांगतील. जिजींचं घर हायवेपासून पंधरा मिनिटांवर. मी वेग कमी केला.

"थांबू नको."

"जिजी?"

"मुराळी रस्त्यात लागलं म्हणून येत नसतो," नाना म्हणाले. "घरून निघून येतो."

आरशात मला ते दिसत होते. शहर मागे पडेपर्यंत ते काचेला टेकून त्याच बाजूला बघत होते.

आखाजीच्या दोन दिवस आधी आम्ही निघालो. माईंनी गाडीला ओवाळलं, माझ्या हातावर दही ठेवलं. निघताना सोपान खिडकीशी आला. "नाना, जिजीले ना..."

"तू बोलू नको," नाना म्हणाले. "तुझ्याच पायी हे सारं झालं."

मग माझ्या बाजूला येऊन सोपानने चार लिंबं माझ्या हातात दिली. "राहू द्या ताई. लागतील." मला वाटलं, चाकाखाली ठेवायला. मी ती कप ठेवायच्या खाचेत ठेवली.

रस्ताभर नाना बोलले नाहीत. एरवी एरंडोलपर्यंत केळीच्या सगळ्या रोगांची नावं घेऊन झाली असती. पारोळ्याला मी विचारलं, चहा घ्यायचा का? ते म्हणाले, "ती नही म्हटली तर?"

धुळ्यात देवपुरात जिजींचं घर. गल्लीत गाडी वळवताना दोनदा मागे घ्यावी लागली, पण वळली. जिजी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. बारीक चणीच्या, डोईवर पदर, नाकात चमकी. त्यांनी गाडीकडे पाहिलं, गाडीतून उतरलेल्या नानांकडे पाहिलं, आणि तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"उना का रे भाऊ?"

"आलो, जिजी."

जिजी उठल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आते ड्रायव्हर बाईमाणूस ठेवी का?"

"शेजारची पोरगी हाये. पगारी नही," नाना घाईघाईने म्हणाले. "मी आलो. मी सोता आलो."

"दिसी र्‍हायना माले," जिजी म्हणाल्या. "ये. पहिले जेव."

जेवताना दोघं पावसाबद्दलच बोलले. एप्रिल-मेच्या उन्हात, पावसाबद्दल. नानांनी हात जोडण्याचं ठरवलं असावं, कारण ते दोनदा हात धुवायला उठले आणि दोनदा तसेच येऊन बसले. जिजींनी त्यांच्या पानात चौथी पोळी टाकली. मग आत गेल्या आणि भरलेली पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवी त्यांनी नुकतीच भरलेली नव्हती. तिची गाठ आधीच मारलेली होती.

नानांनी मागचं दार उघडून धरलं. जिजी बसल्या. दार आपोआप बंद झालं. सगळ्या शेजारणी बाहेर आल्या होत्या आणि नानांचा चेहरा असा होता, की जणू धुळे जिल्हा त्यांनी नुकताच विकत घेतला आहे. चपला पायात ठेवून या गाडीत बसायचं नाही, असा नियम त्यांनी केला होता. तेव्हा अनवाणी होऊन तेही बहिणीशेजारी बसले.

हायवेला लागलो. एसी गार, काचा बंद, कातड्याचा नवा वास, आणि आवाज तर येतच नाही. नाना सांगत होते, ही सीट मागे जाते, ही गरम होते, थंडीत. जिजी "हं" म्हणत होत्या. मग "हं" बंद झालं. आरशात पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि पदराचा बोळा तोंडाशी.

"पोरी, गाडी थांबाड."

फागणे गावाचा फाटा होता. मी बाजूला घेतली. जिजी उतरल्या, निंबाच्या सावलीत गेल्या आणि बुंध्याला हात टेकून वाकल्या. मी पाणी घेऊन धावले. मग एकदम काय ते समजलं आणि परत येऊन लिंबं घेऊन गेले. जिजींनी एक नखाने टोकरून नाकाशी धरलं.

"सोपाननी दिधी का?"

मी मान हलवली.

नाना गरम मातीत अनवाणी उभे होते. "काय झालं? जेवण बाधलं का?"

"माले बंद गाडी लागस, भाऊ. पहिलापासून लागस. वास उना, का मळमळस." जिजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुले माहीत नही?"

नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

"तुना ड्रायव्हरले माहीत शे," जिजी म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. पत्ता सांगावा तसं म्हणाल्या. "जीपमा बरं वाटे. चारीबाजूनी वारा."

मी दारं उघडली, काचा खाली केल्या, एसी बंद केला. नानांनी टॉवेलने गाडीतला वास बाहेर हाकलायचा प्रयत्न केला, वावरातली पाखरं हाकलतात तसा. जिजींनी आत डोकं घातलं आणि लगेच मागे घेतलं. उपयोग नव्हता. उन्हात कातडं आणखी जोरात वास मारत होतं.

"परत सोडू का, जिजी?" नानांनी विचारलं. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. सहा आखाज्या, पाच आठवडे, एवढा सगळा रस्ता, आणि जिजींच्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर सगळं संपत होतं.

तेवढ्यात धुळ्याकडून जळगावची एस्टी आली. लाल, धुळीची, एकही काच धड नसलेली. जिजींनी हात दाखवला. त्या वयाच्या बाईने भर उन्हात पदर सावरत हात दाखवला तर एस्टी थांबतेच.

"मी एस्टीमा येस. तू जाय तुनी गाडीमा," जिजी म्हणाल्या आणि पिशवी घेऊन पायरी चढल्या.

नाना गाडीकडे बघत राहिले. त्या उघड्या दारांकडे, त्या चकाकत्या जांभळ्या रंगाकडे. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. मी म्हणणार होते, बसा नाना, आपण मागे मागे जाऊ. पण नाना तोवर पायरीवर होते. "थांब रे!" म्हणत, अनवाणी, टोपी धरून. घंटी वाजली आणि एस्टी निघाली.

मी सगळी दारं बंद केली. गाडीत मी आणि नानांच्या चपला.

पारोळ्याच्या स्टँडवर एस्टी दहा मिनिटं थांबली. मी बाहेर गाडी लावली आणि चपला घेऊन आत गेले. कंडक्टर खाली उभा होता. माझ्या हातातल्या चपलांकडे बघून म्हणाला, "ताई, ते आजोबा म्हणतात मागची ती मोठी गाडी त्यांची आहे. मी म्हटलं, ऊन लागलं असेल."

"त्यांचीच आहे," मी म्हटलं.

"मग ते इथे काय करताहेत?"

मी खिडकीकडे पाहिलं. जिजी खिडकीशी होत्या, वारा लागून चेहऱ्यावर रंग परत आलेला, आणि त्या बोलत होत्या. हात हलवून, भराभर. बाजूला नाना. ज्यांना मी आजवर कोणाचं एक वाक्य पूर्ण होऊ देताना पाहिलं नव्हतं, ते खाली मान घालून ऐकत होते. मी चपला खिडकीतून वर दिल्या. नाना म्हणाले, "तू पुढे निघ, पोरी. माईले सांगजो, आम्ही जळगावले बस बदलून येतो." आणि मग, जिजींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "खारे शेंगदाणे मिळतात का पाह्य इथे. सालाचे नही, टरफलाचे. तिले टरफलाचेच लागतात. हे मले माहीत हाये."

मी मोठा पुडा आणून दिला.

मी पुढे मात्र गेले नाही. ती गाडी किती वेगाने जाऊ शकते, ते श्रुतीने मला आकड्यांत सांगितलं होतं. त्या सगळ्या वेगानिशी मी एस्टीच्या मागे राहिले, काचा खाली करून, तिच्या धुरात. पारोळा सुटल्यावर उजवीकडच्या एका खिडकीतून टरफलं यायला लागली. वाऱ्याबरोबर उडून ती माझ्या काचेवर, बॉनेटवर पडत होती, मुठीमुठीने, दोन माणसांची. मध्येच ती थांबायची. मैलभर एकही यायचं नाही. तेव्हा मी समजायचे, की आत आता कोणीतरी बोलतंय.